घडीची चाबी

गाडी मी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्यासोबत एकच चाबी आली. दुसरी आधीच्या मालकाने कधीच हरवली होती, आणि हे त्याने सगळ्या सह्या होऊन गेल्यावर सांगितलं. "एकच पुरते मॅडम. दोन चाब्या असल्या म्हणून दोन गाड्या थोड्याच चालवता येतात?" मी हसले. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, नुकतीच गाडी शिकले होते आणि मला हसायला काहीही कारण पुरत होतं.

माझी शाळा वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला, जंगलातल्या एका गावात. मी राहते नदीच्या अलीकडे, सावली गावात. आधी स्कूटीने जायची. वाटेत वाघ दिसल्याची बातमी आली की फाट्यावर थांबायचं, आणखी चार दुचाक्या जमल्या की एकमेकांच्या सोबतीने निघायचं, आणि शाळेत पोचेपर्यंत परिपाठ उरकलेला असायचा. मुलं काही बोलायची नाहीत, पण माझी मलाच लाज वाटायची. गाडी आली आणि माझा परिपाठ मला परत मिळाला. म्हणून त्या एका चाबीवर माझा फार जीव.

चाबी मात्र दिवसेंदिवस थकत चालली होती. आधी बटणांवरचं रबर फाटलं. मग दार उघडायला मी पेनाचं टोक आत टोचायला लागले. पुढे रिंग अडकवायचा प्लॅस्टिकचा कान तुटला, आणि चाबी कशालाच बांधता येईना. ती पर्समध्ये सुटी पडायची आणि तिचं उघडं पातं अस्तर फाडून आत कुठे तरी जाऊन बसायचं. कव्हर मधोमध उकलायला लागलं तेव्हा मी शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली चिकटपट्टी तिच्याभोवती गुंडाळली. पाहणारे विचारायचे, "काय लागलं हो इले?"

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती एकदा हरवलीच. एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नव्हती म्हणून मी तिच्या घरी निघाले होते. घर धानाच्या बांध्यांपलीकडे. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून चालत गेले, मुलीला भेटले, तिचा ताप उतरत आला होता; परत गाडीपाशी येऊन पर्स उघडली तर चाबी नाही. सगळं घर माझ्यासोबत शोधायला आलं. शेवटी मुलीच्या आजीने सगळ्यांना बाजूला केलं, चपला काढल्या आणि धुऱ्यावरून एकेक पाऊल दाबत अनवाणी चालत गेली. अर्ध्यावर थांबली, वाकली, आणि चिखलातून चाबी काढून तिने पदराला पुसली.

"दोरी बांध इले," ती म्हणाली. "बकरीलेही बांधतो आपन."

मी हात जोडून त्यांच्या रीतीने "जय सेवा" म्हटलं. त्या दिवशी घरी येताना ठरवलं, की आता या चाबीचं काही तरी करायचंच.

काय करायचं, तेही मनात ठरलेलंच होतं, खरं सांगायचं तर. आमच्या केंद्रप्रमुखांच्या गाडीची चाबी घडीची होती. नुसती चपटी डबी दिसायची. अंगठ्याने एक बटण दाबलं की बाजूने पातं बाहेर यायचं, खट् आवाज करून. बैठकीत ते बोलता बोलता तिच्याशी खेळत बसायचे, आणि आम्ही सगळ्या शिक्षिका अहवाल सोडून त्या पात्याकडे पाहायचो. पर्स फाटत नाही, कान तुटत नाही वगैरे कारणं मी सगळ्यांना दिली. पण मला ती चाबी त्या आवाजासाठी हवी होती.

नवरा राजुऱ्याकडे कोळसा खाणीत कामाला. सुट्टीच्या दिवशी घरी येतो. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गाडी चालू हाय ना? मंग कायले हात लावतेस? एकच तर चाबी हाय."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं. नवी चाबी मागवावी लागेल, गाडी तिथे ठेवावी लागेल, किती दिवस ते सांगता येत नाही, आणि घडीची तर मिळतच नाही. मग मी मोबाइलवर शोधून माझ्या गाडीच्या फोटोखालचं घडीच्या चाबीचं रिकामं कव्हर मागवलं. आठ दिवसांत आलं. काळंभोर, गुळगुळीत. जुन्या चाबीचा आतला जीव काढून यात घालायचा, बस.

ते घेऊन मी चंद्रपूरला चाबीवाल्याकडे गेले. त्याने कव्हरसोबत आलेलं कोरं पातं माझ्या पात्याला लावून पाहिलं आणि मान हलवली. "हे पातं तुमच्या गाडीचं नाई मॅडम. कव्हर बरोबर हाय, पातं दुसऱ्याच गाडीचं धाडलं त्यानं."

"मग जुनंच पातं यात बसवा ना."

"जुन्याचं डोकं मोठं हाय. ते कापा लागते, घासा लागते, भोक पाडा लागते. एक रेघ इकडची तिकडं झाली तर गेली तुमची गाडी." त्याने चाबी माझ्यापुढे सरकवली. "दुसरी चाबी असती तर केलं असतं. एकुलत्या एक चाबीले मी हात नाई लावत."

मी ते कव्हर पर्समध्ये टाकून परत आले. महिनाभर ते तसंच पडून राहिलं.

भाद्रपदातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी सावलीच्या बसस्टँडजवळच्या सोनाराकडे गेले होते. माझी जोडवी उकलली होती, ती दुरुस्तीला टाकलेली. दुकान लहान. समोर गादीवर म्हातारे सोनार बसायचे. पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या मागे फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्याच्या आत कामाची जागा. दागिना द्यायचा, ते बोटांनी चाचपून पाहायचे, काट्यावर ठेवायचे, चिठ्ठी लिहायचे आणि म्हणायचे, "उद्या या." सावलीतल्या अर्ध्या बायांच्या नाकातलं, पायातलं त्यांच्या हातून गेलेलं. मुलगा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये लागला, त्याने कधी हातोडी धरली नाही. सून घरात असायची, म्हणजे आम्हाला सगळ्यांना तसं वाटायचं.

जोडवी घेतली, पर्समध्ये टाकायला गेले तर अस्तरात अडकलेली चाबी आणि कव्हरची पुडी दोन्ही गादीवर पडली. म्हाताऱ्यांनी आवाज ऐकून विचारलं, "काय पडलं?"

"गाडीची चाबी हो भाऊ." आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना सगळी कहाणी सांगितली. चाबीवाल्याने हात लावला नाही इथपर्यंत.

पडदा हलला. आतून त्यांची सून बाहेर डोकावली. पस्तिशीतली बाई, कपाळावर घाम, आणि एका डोळ्यावर घड्याळवाले लावतात तसलं भिंग. "पाहू?" तिने हात पुढे केला.

तिने जुनं पातं नखाने खरवडलं, मग नव्या कव्हरातलं कोरं पातं बाहेर काढून दोन्ही शेजारी धरली.

"हे पोलाद नाई," ती म्हणाली. "नरम हाय. कानशीनं घासलं जाईन. डोकं याच्यावानी करा लागन, इथी एक भोक. होते मॅडम."

मी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हटलं काम ते करणार, ही फक्त सांगते आहे. ते हसले. "माह्याकडे काऊन पाहता? मले तर तुम्हीच धूसर दिसून राह्यल्या. सून म्हनते ना होते, तर होते."

"वहिनी, एकच चाबी आहे हो."

"नथीचा मोतीही एकच राहते," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. आजही मला कळत नाही, चंद्रपूरच्या मशीनवाल्याने नाही म्हटलेल्या कामाला मी पडद्यामागच्या बाईला हो कसं म्हटलं. पण तिने ते पातं ज्या तऱ्हेने धरलं होतं, चिमटीत, अजिबात न दाबता, ते पाहून माझी भीती निम्मी झाली होती.

ती चाबी घेऊन आत वळली तर म्हातारे म्हणाले, "आधी तोल."

"मामाजी, चाबी हाय, सोनं नाई."

"गिऱ्हाइकाची वस्तू हाय ना? तोल."

तिने चिकटपट्टी सोलून काढली आणि चाबी काट्यावर ठेवली. "एकोणतीस ग्रॅम सहाशे मिली," तिने वाचलं; मिली म्हणजे मिलिग्रॅम. म्हाताऱ्यांनी सवयीप्रमाणे चिठ्ठीवर ते माझ्या समोर लिहिलं, अंदाजानेच, अक्षरं एकमेकांवर चढलेली. मला गंमत वाटली.

मला आत बसायला पाट दिला. पहिल्यांदाच त्या पडद्याच्या आत गेले. एक बुटकं लाकडी मेज, त्याच्या काठाला पुढे आलेली एक लाकडी जीभ, तिच्याखाली उघडा खण, म्हणजे घासताना पडेल तो कण खणातच पडावा. कानशी, चिमटे, कोळशाची शेगडी, एक लहानशी ड्रिल. आणि भिंतीवर खिळ्याला लटकलेल्या दुरुस्तीच्या पुड्या, प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात खूण.

तिने जुन्या कव्हरच्या सांध्यात पातळ सुरी घातली आणि दाबली. कटकन आवाज झाला आणि कव्हरचे तीन तुकडे उडाले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिच्या चिमट्यात एक हिरवी चकती होती, दोन बटणांची, आणि तळहातावर गोल सेल. "हा याचा जीव," ती म्हणाली, आणि कापसावर ठेवला.

मग दीड तास ती पातं घासत होती. आधी डोक्याभोवतीचं प्लॅस्टिक तासलं, मग करवतीने कडा कापल्या, मग कानस. चार वेळा घासायची, कोऱ्या पात्याशी लावून पाहायची, परत चार वेळा. म्हातारे बाहेर गादीवर बसून, डोळे मिटून, नुसता कानशीचा आवाज ऐकत होते. मध्येच म्हणायचे, "डाव्या अंगाले जास्त चालली." ती पाहायची आणि म्हणायची, "हो मामाजी." मी वीस वर्षं शिकवते आहे, पण पाठ फिरवून वर्गाचं इतकं मला कधी कळलं नाही.

भोक पाडताना तिने श्वास रोखला, तर मीही रोखला. मग पातं अडकवणारी बारीक सळई आत गेली, पातं डबीत बसलं, स्प्रिंग दोनदा उडाली आणि दोन्ही वेळा तिने ती मुठीत पकडली. हिरवी चकती आत, नवा सेल आत, वरचं झाकण बंद. तिने बसायचं बसकर झाडलं, केर सुपलीत घेऊन कोपऱ्यातल्या डब्यात टाकला, हात पुसले आणि चाबी माझ्या हातात दिली.

अंगठ्याने बटण दाबलं. खट्!

आम्ही दोघी एकदमच हसलो. मी परत घडी केली, परत दाबलं. मग तिने दाबलं. मग म्हाताऱ्यांनी मागून घेतली आणि कानाजवळ धरून दाबली. "चांगला बोलते," ते म्हणाले.

गाडी समोरच उभी होती. मी रस्ता ओलांडतानाच बटण दाबलं, आणि गाडीने दोन्ही डोळे मिचकावून दारं उघडली. महिनोनमहिने पेन टोचून दार उघडणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, ते मी सांगत नाही. बाजूच्या टपरीवरचा चहावाला, बांगड्यांचं दुकान लावलेली बाई, दोन-चार बसची वाट पाहणारे, सगळे पाहत होते. मी रुबाबात आत बसले, चाबी फिरवली.

इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. परत फिरवली. परत घरघर, आणि बंद. समोर काचेखाली एक लाल दिवा लुकलुकायला लागला, चाबीच्या चित्राचा. याआधी तो मी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.

"बॅटरी गेली," चहावाला म्हणाला.

"बॅटरी नाई, चाबी बिघडवली," एक जण जवळ आला. मोटरसायकलवर टेकून तो मघापासून मजा पाहत होता. "काय मॅडम, गाडी सोनाराकडून दुरुस्त करून राह्यल्या! उद्या मंगळसूत्र मेकॅनिककडून ओवून घ्याल." सगळे हसले. मग तो दुकानाकडे वळून ओरडला, "भाऊ, डोळ्यानं दिसत नाई तुमाले, काऊन घेता असलं काम? हात थकले आता तुमचे!"

मी गाडीत बसून होते. सोमवारची शाळा डोळ्यांपुढे आली. नवऱ्याचं वाक्य आठवलं. पण त्याहून वाईट वाटलं ते या म्हाताऱ्याला माझ्यापायी ऐकावं लागतंय याचं.

म्हातारे गादीवरून उठले. दाराच्या चौकटीला धरून पायरीवर आले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण टपरीपर्यंत पोचला.

"हात माहे नाई लागले त्याले," ते म्हणाले. "सात वर्षं झाली, मी एक टाकासुद्धा नाई मारला. मले दिसतच नाई तर मारू कसा? तुमच्या घरातलं जे जे माह्या दुकानातून गेलं, ते सारं माह्या सुनेनं केलं हाय. मी नुसता गादीवर बसलो. चुकलं असन तर तिले विचारा, अन् चांगलं झालं असन तर तेही तिलेच सांगा."

बांगड्यांच्या दुकानातल्या बाईचा हात आपोआप स्वतःच्या नाकातल्या फुलीकडे गेला. ती फुली याच दुकानातली असावी.

सून त्यांच्या मागे उभी होती. भिंग अजून डोळ्यावरच. चेहरा लाल झाला होता, पण ती आत गेली नाही. पायरी उतरून, भर रस्ता ओलांडून, ती माझ्या खिडकीशी आली.

"मॅडम, जुन्या चाबीनं सकाळी गाडी सुरू झालती?"

"झाली होती."

"पातं तेच हाय. चकती तेच हाय. मंग जुन्यातलं काही तरी मांगं राह्यलं. या, तोलून पाहू."

आम्ही आत गेलो. या वेळी आमच्यामागे चहावाला, बांगडीवाली आणि तो मोटरसायकलवालाही दारापर्यंत आले. तिने नवी चाबी उघडली. जुन्या चाबीचं जे जे होतं ते काट्यावर ठेवलं: हिरवी चकती, पातं, जुना सेल, कव्हरचे तीन तुकडे. मग खण ओढून त्यात पडलेला पात्याचा चुरा आणि प्लॅस्टिकचा कीस बोटाने गोळा करून तेही ठेवले. आकडे थांबले.

एकोणतीस ग्रॅम दोनशे.

"चिठ्ठीत सहाशे होतं. चारशे मिली कमी," ती म्हणाली.

"धूळबिळ असेल वहिनी. थोडा चुरा सांडला असेल," मी म्हटलं.

"सोनाराच्या घरी चारशे मिली सांडत नाई मॅडम." आणि ती सासऱ्यांकडे वळली. "मामाजी, केर?"

"सोनझारी बाया आल्या नाई अजून," म्हातारे म्हणाले. "त्या दिवाळीच्या आंधी येतात. डबा भरलाच हाय."

त्यांना मला उलगडून सांगावं लागलं. सोनाराच्या दुकानातला केर कधी रस्त्यावर टाकत नाहीत. डब्यात साठवतात. सोनझारी बाया येऊन तो घेऊन जातात, नदीवर धुतात, आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. दुसऱ्या कुठल्याही दुकानात मघाचा केर एव्हाना नालीत गेला असता आणि त्याच्यासोबत माझी गाडीही.

तिने डबा परातीत ओतला. मी पाहिलं आणि आशाच सोडली. वर वर राख, खाली धूळ, आणि सगळीकडे शेगडीतल्या कोळशाचे बारीक काळे तुकडे, शेकड्याने. काय शोधायचं, तेही माहीत नव्हतं. कसलं, केवढं, कोणत्या रंगाचं. फक्त वजन माहीत होतं.

ती परात मांडीशी ओढून बसली आणि तांदूळ निवडावेत तसा केर निवडायला लागली. मीही बसले. बांगडीवाली बाई आपणहून आली, पदर खोचून तिसऱ्या बाजूला बसली. "काय पाहाचं हाय?" तिने विचारलं.

"जे कोळसा नाई ते," सून म्हणाली.

किती वेळ गेला माहीत नाही. आमची तिघींची बोटं काळी झाली. बांगडीवालीला एक फुटका मणी सापडला, मला चांदीच्या घुंगराचा अर्धा तुकडा. मग सुनेचा हात थांबला. तिच्या बोटांत एक काळा तुकडा होता, चिंचोक्याच्या अर्ध्या फाकेएवढा. इतर शंभर तुकड्यांसारखाच. तिने तो अंगठ्याने चोळला, साडीला पुसला, परत चोळला. मग स्वच्छ पुसलेल्या मधल्या बोटाने घासला आणि बोट आम्हाला दाखवलं. बोट कोरं होतं.

"कोळसा बोट काळं करते," ती म्हणाली. "हे नाई करत."

तिने तो काट्यावर ठेवला. आम्ही सगळे वाकलो, दारातले तिघे-चौघेही आत घुसले. आकडे फिरले आणि थांबले.

चारशे मिली.

म्हाताऱ्यांना दिसलं नव्हतं. "किती?" त्यांनी विचारलं, आणि दुकानातून चार-पाच आवाज एकदम आले, "चारशे!"

नव्या कव्हरात पात्याच्या मुळाशी एक लहानशी खाच होती. मघाशी आम्ही दोघींनी ती पाहिली होती आणि काही नसेल म्हणून सोडून दिली होती. तो काळा तुकडा त्या खाचेत असा बसला, जसा नथीच्या घरात खडा. ती चोराला अडवणारी चीप होती, हे मला नंतर कळलं. ती जवळ आल्याशिवाय गाडी इंजिनाला पेट घेऊच देत नाही. कव्हर फुटलं तेव्हा ती उडाली असणार आणि बसकरावर पडून केरात गेली असणार. सुनेला चीप माहीत नव्हती, मला माहीत नव्हती. तिला एवढंच माहीत होतं, की जेवढं आलं तेवढं परत गेलं पाहिजे.

मी गाडीत बसले. या वेळी ती माझ्या शेजारच्या खिडकीत हात टेकून उभी होती, आणि तिच्या मागे सगळा बसस्टँड. मी बटण दाबलं, पातं बाहेर आलं, चाबी फिरवली.

गाडी सुरू झाली. पहिल्याच झटक्याला. लाल दिवा एकदा चमकला आणि विझला. मी अॅक्सिलरेटर दाबला तो उगीचच, नुसता आवाज ऐकायला. चहावाल्याने टपरीवरचा पातेल्याचा चिमटा बाकावर आपटला. कोणी तरी शिट्टी वाजवली. मी गाडीतून उतरले आणि भर रस्त्यात त्या बाईला मिठी मारली, दोघींचे काळे हात एकमेकींच्या पाठीवर उमटले, आणि ते पाहून बांगडीवाली इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मोटरसायकलवाला डोकं खाजवत उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, मघाचा आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. "माह्या डिक्कीची चाबी वाकली हाय. उद्या आनू का?"

"आना," ती म्हणाली. "पन तोलल्याशिवाय घेनार नाई."

बांगडीवालीने नाकातली फुली तिथेच काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिचा फास सैल झाला होता. आतापर्यंत असल्या वस्तू म्हाताऱ्यांच्या हातात जायच्या. बाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हातारे गादीवर बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पडदा हाताने चाचपून एका बाजूला सरकवला. तो तेव्हापासून सरकवलेलाच आहे. आता ती समोर बसते. गडचिरोलीहून लोक मोडक्या चाब्या घेऊन येतात, आणि ती दागिन्याइतक्याच गंभीरपणे त्या काट्यावर ठेवते.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी तिला विचारलं, "वहिनी, काय देऊ तुम्हाला?"

तिने विचार केला. "मले एक चक्कर मारून आना. समोर बसून. मी कधी समोर बसलीच नाई."

ती माझ्या शेजारी बसली, म्हातारे मागे बसले. पट्टा कसा लावायचा ते मी दाखवलं, तर तिने तो दोनदा काढून परत लावला, त्याचं कुलूप कसं बसतं ते पाहायला. व्याहाड गाव मागे टाकून आम्ही वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलो. धान गुडघ्याच्या वर आलं होतं, हिरवं, जागोजाग पाणी चमकत होतं. तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढला. लग्न होऊन ती याच पुलावरून आली होती, म्हणाली, जीपमध्ये मागे, सात जणींच्या मध्ये, डोक्यावरून पदर. नदी असते एवढं कळलं होतं, पुलावर चाकांचा आवाज बदलला म्हणून.

पूल लागला. मागून म्हाताऱ्यांनी विचारलं, "पानी किती हाय?"

"दोन्ही थड्या भरून, मामाजी," ती म्हणाली. "मधात एक बेट हाय, त्याच्यावर बगळे बसले. लय हायेत. मोजता नाई येत."

म्हातारे पुढे सरकले आणि त्यांनी माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. "मंग हळू चालवा मॅडम. पाहू द्या तिले."

मी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. मागे रेतीचा एक ट्रक आला. त्याने हॉर्न दिला, परत दिला, मग हॉर्नवरच हात ठेवला. मी आरशात त्याला पाहिलं, आणि दुसऱ्या गिअरवरच पूल पार केला.